प्रदर्शनाला विक्रेते का येत नाहीत?

वाचकांचे प्रश्न : बाग आणि बागप्रेमी

या महिन्याच्या टपालात वार्षिक प्रदर्शनांविषयीची पत्रे बरीच आली. स्पर्धांचे नियम आणि परीक्षकांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी ठेवले असून, विक्री विभाग आणि विक्रेते यांच्याशी संबंधित चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचे बागप्रेमी मंडळ दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी प्रदर्शन व विक्री भरवते. गुलाब, शेवंती, हंगामी फुले, कॅक्टस आणि बोन्साय यांच्या स्पर्धांना चांगला प्रतिसाद मिळतो. पूर्वी पुणे परिसरातील आठ-दहा रोपवाटिका येत असत. गेल्या वर्षी तीनच विक्रेते आले आणि त्यांतही एक केवळ कुंड्यांचा होता. त्याच वर्षी आम्ही गाळ्याचे भाडे निम्मे केले होते. आता कार्यकारिणीतील काही जणांचे मत असे आहे की गाळे विनामूल्य द्यावेत. मला मात्र मंडपाचा खर्च कसा निघेल याची काळजी वाटते. सभासदांनी घरी तयार केलेल्या रोपांचे टेबल तेवढे जोरात चालते आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत रिकामे होते. आम्ही काय करावे?
– एका मंडळाचे कार्यवाह, सांगली

उत्तर : गाळे विनामूल्य देऊ नयेत. त्याने मंडळाचे उत्पन्न जाईल आणि विक्रेते तरीही येणार नाहीत. असे का, हे कळण्यासाठी कार्यकारिणीने एकदा विक्रेत्याच्या बाजूने कागदावर हिशेब मांडून पाहावा.

समजा, उरुळी कांचनजवळची एक रोपवाटिका आपल्याकडे यायचे ठरवते. टेम्पोचे येण्याजाण्याचे भाडे चौदा हजार रुपये, दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, जेवण आणि मुक्काम मिळून सात हजार, आणि आपल्या गाळ्याचे पाच हजार, असा सव्वीस हजार रुपयांचा खर्च पहिले रोप विकण्याआधीच झालेला असतो. रोपाच्या विक्रीच्या किमतीतील निम्मा भाग ते वाढवण्याचा खर्च, वाटेतील मोडतोड आणि परत नेताना वाया जाणारी रोपे यांत जातो असे धरले, तर केवळ बरोबरी साधण्यासाठी त्याला बावन्न हजारांची विक्री करावी लागते. एक गिऱ्हाईक सरासरी दीडशे रुपयांची खरेदी करत असेल, तर दोन दिवसांत सुमारे साडेतीनशे गिऱ्हाइके हवीत. आता भाडे पूर्ण माफ करा : लागणारी विक्री बेचाळीस हजारांवर येते, म्हणजे गिऱ्हाइके दोनशे ऐंशी. उलट भाडे तसेच ठेवून प्रत्येकाची खरेदी दीडशेवरून अडीचशेवर नेता आली, तर दोनशे दहाच्या आतच गिऱ्हाइके पुरतात. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपल्या भागातले दर घालून हिशेब पुन्हा करावा. निष्कर्ष बदलेल असे मला वाटत नाही. इतक्या दुरून येणाऱ्या माणसाला स्वस्त जागेपेक्षा खात्रीचे गिऱ्हाईक हवे असते, आणि भाडे निम्मे करून आपण त्याला जे दिले त्याची त्याला फारशी गरजच नव्हती.

ही खात्री देण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आगाऊ मागणी. प्रदर्शनाच्या दीड-दोन महिने आधी सभासदांकडून लेखी याद्या घ्याव्यात : कोणाला कोणत्या जातीचे गुलाब हवेत, कोणाला लिंबाचे किंवा आंब्याचे कलम, कोणाला विशिष्ट मापाच्या कुंड्या, कोणाला कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) विटा. निम्मी रक्कम आधी जमा करून त्या याद्या निवडक विक्रेत्यांकडे पाठवाव्यात. शंभर सभासदांपैकी चाळीस जणांनी जरी पाचशे-पाचशे रुपयांची मागणी नोंदवली, तरी वीस हजारांचा माल गाडी निघण्याआधीच विकला गेलेला असतो, आणि टेम्पोच्या भाड्याची बरीचशी चिंता विक्रेत्याच्या डोक्यावरून उतरते. ज्या मंडळाला आपल्याच सभासदांकडून अशी यादी जमवता येत नाही, त्याने दोनशे किलोमीटरवरच्या माणसाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता तारखेकडे वळू. जानेवारीचा शेवटचा आठवडा हा आपल्याकडच्या पुष्पप्रदर्शनांच्या गर्दीचा काळ आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाचे प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते. बंगळुरूच्या लालबागेतले प्रदर्शनही त्याच दिवसांत असते. त्यानंतर फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचे प्रदर्शन होते. चांगला माल आणि बोलका माणूस ज्यांच्याकडे आहे अशा रोपवाटिका त्या दिवसांत घराजवळच्या मोठ्या गर्दीकडेच जाणार, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आपण डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारीचा पहिला आठवडा घ्यावा. हवा थंड असते, गुलाब आणि शेवंती दोन्ही भरात असतात, आणि परीक्षांचा काळ अजून दूर असतो.

तारीख बदलण्याइतकेच ती लवकर कळवणे महत्त्वाचे आहे. गुलाबाची छाटणी केल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फुले येतात. म्हणजे २० डिसेंबरला गाळ्यावर फुललेल्या कुंड्या मांडायच्या असतील, तर रोपवाटिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी व्हायला हवी. पिटुनियासारख्या हंगामी फुलांचे बी त्याआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेले असावे लागते. फुलावर आलेले झाड हातोहात जाते आणि नुसत्या पानांचे झाड परतीच्या टेम्पोत बसते, हे सांगायला नकोच. म्हणून गणेशोत्सव संपता संपता विक्रेत्याच्या हातात तारीख पडली पाहिजे. पुष्कळ मंडळे दिवाळीनंतर पत्रे पाठवतात आणि विक्रेत्यांना उत्साह नाही अशी तक्रार करतात. त्या वेळी रोपवाटिकेतला हंगाम ठरून गेलेला असतो.

निमंत्रण छापील परिपत्रकाने देऊ नये. कार्यकारिणीतील दोघांनी आठवड्याच्या मधल्या वारी, रविवारची गर्दी टाळून, सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोर ते उरुळी कांचन या पट्ट्यात एक फेरी मारावी, पाच-सहा रोपे स्वतः विकत घ्यावीत आणि मग विषय काढावा. सोबत एका पानाची माहिती न्यावी : गेल्या वर्षी प्रवेशपत्रिका किती गेल्या, गाळ्याचे माप काय, सावलीसाठी शेडनेट आहे की उघडा कापडी मांडव आहे, पाण्याचा नळ किती अंतरावर आहे, टेम्पो गाळ्यापर्यंत येतो का, रात्रीची राखण कोणाकडे आहे, आणि दुसरे कोण कोण येणार आहेत. शेवटची ओळ विक्रेता सर्वांत आधी वाचतो. आपल्यासारखाच माल घेऊन आणखी चौघे येणार असतील, तर तो हो म्हणेल आणि आदल्या दिवशी फोन उचलणार नाही.

या कारणाने विक्रेत्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांची निवड अधिक काळजीपूर्वक करावी. सांगलीच्या आकाराच्या शहराला आठ गाळे पुरेत : गुलाबाचा एक, शोभेच्या पानांच्या झाडांचे दोन, कॅक्टस आणि सक्युलंटचा (जाड, रसाळ पानांच्या झाडांचा) एक, अडेनियम किंवा ऑर्किडचा एक, फळझाडांच्या कलमांचा एक, आणि कुंड्या, माती, खत, अवजारे यांचे दोन. फळझाडांसाठी खाजगी रोपवाटिकेबरोबरच कृषी विद्यापीठांना अवश्य विचारावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ हा कागदी लिंबाचा वाण परसबागेसाठी लोक आवर्जून मागतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘रत्ना’ व ‘सिंधू’ या आंब्यांच्या नावावर गर्दी जमते. विद्यापीठाकडून येणारा माणूस विकण्याची घाई करत नाही, लोकांच्या शंकांना उत्तरे देतो, आणि त्यामुळे थांबलेली माणसे शेजारच्या गाळ्यावरही खरेदी करतात. त्यांच्याशी पत्रव्यवहार मात्र रीतसर आणि बराच आधी करावा लागतो.

आठवा गाळा भरला नाही, तर तो रिकामा ठेवावा. तेथे पर्स, लोणची आणि नकली दागिने आणून बसवण्याचा मोह अनेक मंडळांना होतो, कारण ते विक्रेते भाडे रोख देतात आणि घासाघीसही करत नाहीत. पुढच्या वर्षी अशांचे चार गाळे होतात, त्यापुढच्या वर्षी प्रदर्शनाची जत्रा होते, आणि रोपे विकणारा माणूस पहिली फेरी मारूनच ओळखतो की येथे येणाऱ्यांच्या पिशव्या आधीच भरलेल्या असतात.

आता सभासदांच्या टेबलाविषयी. आपण त्याचा उल्लेख यश म्हणून केला आहे, पण आलेला विक्रेता पुन्हा का येत नाही याचे कारण बहुधा तेथेच सापडेल. सभासदाने गच्चीवर कुंडीत फांदीचा तुकडा लावून तयार केलेले जेडचे झाड त्याला जवळजवळ फुकट पडते, म्हणून तो ते तीस रुपयांना ठेवतो. तेच झाड विक्रेत्याच्या गाळ्यावर शंभर-सव्वाशेला असते. पहिल्या सकाळी येणारे लोक हेच खरे खरेदीदार असतात. ते आधी सभासदांच्या टेबलाशी थांबतात आणि नंतर विक्रेत्यासमोर उभे राहून “तिकडे तीसला मिळतंय” असे म्हणतात. बोहनीच्या वेळी हे वाक्य आठ-दहा वेळा ऐकलेला माणूस भाडे निम्मे झाले म्हणून परत येत नाही.

टेबल बंद करावे असे मी म्हणणार नाही, कारण कोठेही न मिळणारी एखादी जात सभासदाच्या कुंडीतूनच बाहेर येते आणि मंडळाची ओळखही त्यातूनच होते. त्याला नियम मात्र लावावेत. विक्रेते जे आणतात ते झाड सभासदांनी ठेवू नये, निदान त्यांच्या किमतीच्या फार खाली ठेवू नये. प्रत्येक झाडावर नावाची पट्टी असावी. विक्रीतील ठरावीक हिस्सा मंडळाकडे यावा. आणि टेबल शनिवारी सकाळी न उघडता रविवारी सकाळी उघडावे. शेवटच्या नियमाला आपल्या सभासदांकडून सर्वांत जास्त विरोध होईल. तो सोडू नये, कारण रविवारी गर्दी परत आणण्याचे कामही तोच नियम करतो.

राहिला प्रत्येकाची खरेदी वाढवण्याचा प्रश्न. लोक एक रोप घेऊन थांबतात, याचे कारण पुष्कळदा पैसा नसून हात भरलेले असणे हे असते. प्रवेशद्वाराजवळ एक कोपरा शेडनेटने झाकून तेथे बिल्ला देऊन रोपे सांभाळण्याची सोय करावी. दोन स्वयंसेवक आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या एवढाच त्याचा खर्च आहे. दिवसातून दोनदा शहरात फिरणारा एक छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) ठरवून मोठ्या कुंड्या घरपोच द्याव्यात. स्पर्धेच्या दालनातून बाहेर पडण्याची वाट विक्री विभागातूनच असावी, आणि पारितोषिक मिळालेल्या झाडाखाली ती जात किंवा तिच्यासारखी दुसरी कोणत्या गाळ्यावर मिळेल ते लिहावे. मैदानात मोबाइलची जोडणी मिळते का, हे आदल्या आठवड्यात तपासावे. क्यूआर कोडवरून पैसे जाताना चक्र फिरत राहिले की घेतलेली कुंडी लोक हळूच खाली ठेवतात.

प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक विक्रेत्याकडून अंदाजे विक्रीचा आकडा मागावा आणि तो दुसऱ्याला सांगितला जाणार नाही असे वचन द्यावे. दोन-तीन वर्षांत आपल्याकडे अशी नोंद तयार होईल की नव्या विक्रेत्यासमोर ठेवायला तेवढा एक कागद पुरेल. भाडे वाढवायचे की नाही, हेही त्यावरच ठरवावे.

प्रश्न : आमच्याकडे विक्रेते भरपूर येतात, पण रविवारी दुपारी तीनलाच आवराआवर सुरू करतात. संध्याकाळी येणाऱ्यांना अर्धे मैदान रिकामे दिसते. अनामत रक्कम घेऊन ती जप्त करण्याचा नियम करावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अनामत जरूर घ्यावी, पण ती जप्त करण्याची वेळ आली तर तो विक्रेता आपण गमावला असे समजावे. विक्रेते लवकर का निघतात ते आधी पाहावे. दुपारी अडीच ते साडेचार या वेळात गिऱ्हाईक येत नाही, टेम्पोवाला थांबण्याचे जादा पैसे मागतो, आणि अंधारात नाजूक रोपे चढवणे म्हणजे नुकसानच. यांतील पहिली गोष्ट मंडळाच्या हातात आहे. पारितोषिक वितरण रविवारी सकाळी उरकण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ते साडेचारला ठेवावे. विजेते, त्यांचे कुटुंबीय आणि शेजारी, असे सगळे त्या वेळेपर्यंत मैदानात राहतात.

लंडनमध्ये १९१३ पासून भरणाऱ्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाची एक रीत येथे घेण्यासारखी आहे. तेथे शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता घंटा होते आणि मांडून ठेवलेली झाडे त्यानंतर विकली जातात. त्या क्षणासाठी लोक थांबून राहतात. आपणही स्पर्धेतील जी झाडे मालक विकायला तयार असतील त्यांचा लिलाव पारितोषिकांनंतर करावा. मात्र त्यात एक पथ्य पाळावे. विक्रेत्यांकडेही शेवटच्या संध्याकाळी सवलत मिळेल, अशी आधी जाहिरात करू नये. तसे केल्यास शनिवारी येणारा माणूस केवळ पाहून जाईल आणि रविवारच्या संध्याकाळची वाट पाहील. कोणाला उरलेली रोपे स्वस्तात द्यायची असतील, तर तो ती तशीही देतोच.

टेम्पो रात्री आठला मैदानात येतील, उजेडासाठी दोन मोठे दिवे राहतील आणि माल चढवायला मंडळाचे चार हमाल असतील, हे लेखी कळवून अनामत त्याच ठिकाणी रोख परत द्यावी. ती नंतर बँकेत जमा करू असे सांगणाऱ्या मंडळांविषयी विक्रेते आपापसांत काय बोलतात, ते येथे छापता येणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रदर्शनात एक विक्रेता दरवर्षी जुड्या बांधलेली ऑर्किड आणतो आणि ती कोकणातल्या जंगलातली असल्याचे स्वतःच सांगतो. स्वस्त असल्यामुळे ती लगेच संपतात. दुसरा एक जण कीटकनाशकाच्या लहान बाटल्या विकतो. आधीच विक्रेते कमी. यांना नाही म्हटले तर गाळे रिकामे राहतील. काय करावे?
– एका मंडळाच्या अध्यक्षा, नाशिक

उत्तर : पहिल्याला नाही म्हणावे आणि ते आजच कळवावे; दुसऱ्याला परवाना दाखवता आला नाही, तर त्यालाही.

राखीव वनातून परवानगीविना झाडे काढणे हा भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. काही ऑर्किडांना, उदाहरणार्थ निळ्या वांडाला, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचेही संरक्षण आहे, आणि त्या कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींसाठीही त्यात तरतुदी आल्या आहेत. विक्री आपल्या मंडपात होत असल्यामुळे चौकशी झाल्यास प्रश्न मंडळालाही विचारले जातील. कायदा बाजूला ठेवला, तरी या जुड्यांतील बहुतेक झाडे घेणाऱ्याकडे वर्षभरात मरतात. सालीवरून ओरबाडून काढताना मुळे तुटलेली असतात, आणि सह्याद्रीतल्या धुक्याची व पावसाची सवय असलेले झाड नाशिकच्या एप्रिलात बाल्कनीत टिकत नाही. आपण स्वस्त म्हणता, पण टिकण्याचा विचार केला तर ही खरेदी महागच पडते.

जंगलातून काढलेले ऑर्किड ओळखणे कठीण नसते. मुळांना साल किंवा शेवाळ चिकटलेले असते, मुळांची टोके तुटून वाळलेली असतात, पानांवर जुन्या किडीचे आणि उन्हाचे डाग असतात, आणि एकाच जुडीत लहान-मोठी झाडे मिसळलेली असतात. रोपवाटिकेतील झाडे एका वयाची, एका मापाच्या कुंडीतली असतात आणि त्यांची नवी मुळे कुंडीच्या आतल्या बाजूला पसरलेली दिसतात. विक्रेत्यांची झाडे शुक्रवारी संध्याकाळी उतरत असताना दोन जाणकार सभासदांनी एवढी पाहणी करावी. त्याच वेळी पिठ्या ढेकूण ही झाडांवरची पांढरी कीडही शोधावी, कारण एका गाळ्यावरच्या सक्युलंटमधून ती स्पर्धेच्या दालनात सहज पोहोचते.

सीतेची वेणी किंवा सह्याद्रीतली इतर आमरी (ऑर्किड) सभासदांना हवीच असेल, तर ती तयार करून विकणारी रोपवाटिका शोधून तिला बोलवावे. शिंदळ माकुडीचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर मोजक्या ठिकाणी आढळणारी ही दुर्मिळ वनस्पती खोडाच्या तुकड्यापासून चांगली मूळ धरते, त्यामुळे कड्यावर हात न लावताही ती कुंडीत वाढवता आणि देता येते. असे झाड विकणाऱ्याने ते कोठून आले हे पट्टीवर लिहिले, तर त्याला जास्त किंमत मिळते आणि मंडळाच्या नावालाही शोभते.

कीटकनाशकाचे म्हणाल, तर कीटकनाशक अधिनियम १९६८ प्रमाणे ते विकण्यासाठी परवाना लागतो, आणि रासायनिक खतांची विक्री १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येते. परवाना दाखवला तर गाळा द्यावा, अन्यथा देऊ नये. फळझाडांची कलमे आणणाऱ्यांकडूनही १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याखालील रोपवाटिका परवान्याची प्रत घ्यावी. हे सगळे निमंत्रणाच्या पत्रातच लिहिले, तर आयत्या वेळी वाद होत नाही. परवाना असलेले विक्रेते या अटीला हरकत घेत नाहीत. परवाना नसलेल्यांच्या शेजारी बसून त्यांच्याशी किमतीची स्पर्धा करावी लागत नाही, म्हणून त्यांना ती सोयीचीच वाटते.

प्रश्न : माझी कुडाळजवळ लहान रोपवाटिका आहे. जास्वंदाच्या आणि अनंताच्या जाती, मिरवेल आणि काजूची कलमे मी करते. कोल्हापूर आणि बेळगावच्या मंडळांची आमंत्रणे येतात, पण जावे की नाही हे ठरवता येत नाही. काय विचारून घ्यावे?
– एक रोपवाटिकाधारक, सिंधुदुर्ग

उत्तर : गेल्या वर्षी आलेल्या दोन विक्रेत्यांचे दूरध्वनी क्रमांक मंडळाकडून मागून घ्यावेत आणि त्यांच्याशी बोलावे. मंडळाने टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजावे. त्या विक्रेत्यांना एकूण गर्दी न विचारता, शनिवारी दुपारपर्यंत किती विक्री झाली ते विचारावे. काजू आणि मिरवेल घेऊन आणखी कोणी येणार आहे का, गाळ्यावर दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येते, पाणी किती दूर आहे, आणि सभासदांचे टेबल कधी उघडते, हेही आधी विचारावे. बेळगाव कर्नाटकात असल्यामुळे तेथे कलमे विकण्यासाठी आपला महाराष्ट्रातील परवाना चालतो का, याची चौकशी मंडळाकडून आणि तेथील फलोत्पादन खात्याकडून लेखी करून घ्यावी.

पहिल्या वर्षी पूर्ण टेम्पो भरू नये. शेजारच्या एखाद्या रोपवाटिकेबरोबर गाडी आणि गाळा दोन्ही अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत. बहुतेक मंडळे याला तयार होतात, पण ते आधी सांगावे लागते. काजूची कलमे हिवाळ्यात घाटावर फारशी खपणार नाहीत, कारण लावणीचा हंगाम पावसाळ्याचा असतो. त्यामुळे ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ यांची पाच-सात नमुन्याची कलमे न्यावीत, नावे व फोन लिहून घ्यावेत आणि जूनमध्ये पोहोचवण्याची मागणी नोंदवावी. फुललेल्या जास्वंदाच्या कुंड्या मात्र जितक्या बसतील तितक्या न्याव्यात, आणि प्रवासात कळ्या गळू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी देऊन, गाडीला मागून कापड बांधून, पहाटे निघावे.